खुडूक कोंबडी गेली कुठे?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका नव्या सुनेनं विचारलं, "ताई, खुडूक म्हणजे काय हो?" आम्ही हसलो, आणि मग जरा गप्पच झालो.

मुळशीचा इतिहास म्हटला की १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचं धरण. कोंबडीचं नाव त्यात नाही. पण जमीन पुरुषांच्या नावावर असताना बाईच्या हातात जो पैसा यायचा, तो बऱ्याचदा खुराड्यातूनच. त्याचं भांडवल म्हणजे खुडूक कोंबडी. अंडी द्यायची थांबली, पिसं फुगवून बसली, हात लावला की टोचायला लागली, की ती खुडूक. मग पाटीत भाताचा पेंढा, गोचीड-उवा होऊ नयेत म्हणून राख, वर दहा-बारा अंडी. विजांनी अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा खिळा. (खिळ्याचं आम्हाला पटत नाही, पण काढलाही नाही कधी.) एकवीस दिवसांनी चिवचिव, आणि पिलांपुढे तांदळाच्या कण्या. कुणाकडे कोंबडी नसेल तर निम्म्या वाट्यानं द्यायची. पिलं दोघींची.

कोंबडीवाचून अंडी उबवायची खटपट माणसानं फार पूर्वीच केली. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांहून जुनी रीत आहे, मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायची. ऊब बरोबर आहे का हे पाहायला तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावत.

पुढे यंत्रं आली, आणि खुडूक बसणं हा दोष ठरला. कारण साधं आहे. अंड्यांवर बसलेली आणि नंतर पिलं घेऊन हिंडणारी कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. म्हणून न बसणाऱ्याच कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या. पांढरी लेगहॉर्न अशीच घडली. वर्षाला अडीचशेवर अंडी देते, उबवायला मात्र बसत नाही. १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, पुढे पुणे हे या धंद्याचं मोठं ठिकाण झालं. त्यामुळे अंडं स्वस्त झालं, हे आम्ही नाकारत नाही. नंतर परसासाठी बेंगळुरूची गिरिराजा, हैदराबादची वनराजा आली. वजनाला चांगल्या, पण त्याही सहसा बसत नाहीत. म्हणजे पिलं दर वेळी विकतच.

आमच्या गटानंही कर्ज काढून एक दिवसाची शंभर पिलं आणली होती. जुलै महिना, मुळशीचा पाऊस, दोन रात्री वीज नाही. बल्ब विझला आणि पिलं एकमेकांवर चढून गुदमरली. सकाळी साठच्या वर मेलेली. दुसऱ्या रात्री आमच्यातली एक आजी उठली. तिच्या आणि शेजारणीच्या मिळून तीन गावरान कोंबड्या तेव्हा अंड्यांवर बसल्या होत्या. अंधारात तिनं एकेक पिलू हळूच त्यांच्या पोटाखाली सरकवलं. दिवसा केलं तर कोंबडी टोचते, रात्री करायचं, हे तिला ठाऊक होतं. उरलेली बहुतेक जगली. कर्जाचे हप्ते मात्र आम्ही वर्षभर भरले.

तेव्हापासून गटात ठरलंय. सुधारित कोंबड्या पाळा, पण घरटी दोन तरी गावरान ठेवा, आणि खुडूक बसलेली विकू नका.

परवा त्या सुनेचा फोन आला. "ताई, आमची तांबडी बसलीय बहुतेक. अंडी किती ठेवू?" दिवाळी होऊन गेलीय, थंडी चांगली आहे. म्हटलं, ठेव अकरा.