बंद खोलीतली शेती: कार्बन डायऑक्साइड किती सोडायचा आणि कुठे थांबायचं?

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. हायड्रोपोनिक्सवर लेट्यूस, बेसिल किंवा स्ट्रॉबेरी घेणारे अनेक जण एवढ्याच खोलीपासून सुरुवात करतात. भिंतींना इन्सुलेशन, दाराच्या फटींना रबर, छताला एलईडी दिवे आणि एक एसी. बाहेरची हवा आत येत नाही, त्यामुळे कीड आणि धूळ कमी, आणि थंड केलेली हवाही वाया जात नाही. पण याच बंदोबस्तामुळे रोपांना लागणारा कार्बन डायऑक्साइडही बाहेरच राहतो.

खोलीतला साठा किती वेळ पुरतो?

बाहेरच्या हवेत सध्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ४२० पीपीएमच्या थोडं वर आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. वरच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. त्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड गोळा करून तोलला, तर तो जेमतेम २१ ग्रॅम भरेल.

आता मागणी बघू. भरपूर उजेडात वाढणारं एक चौरस मीटर दाट पीक तासाला ढोबळमानाने २ ग्रॅम वायू शोषतं. सहा चौरस मीटरवर पीक असेल तर झाले १२ ग्रॅम. म्हणजे खोली खरोखर घट्ट बंद असेल, तर दिवे लागल्यावर तासाभरात साठा निम्म्याच्या आसपास येतो. पुढे वाढ मंदावत जाते आणि ५० पीपीएमच्या जवळपास ती थांबतेच, कारण पान जेवढं घेतं तेवढंच श्वसनातून परत सोडतं. दिवे आणि एसी मात्र तेवढीच वीज खात राहतात.

१००० ते १२०० हा आकडा कुठून आला?

पानात कार्बन पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं प्रथिन करतं. ते थोडं धांदरट आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी अनेकदा ते ऑक्सिजन पकडतं आणि पिकाची मेहनत फुकट जाते. आसपास कार्बन डायऑक्साइड वाढला की ही चूक कमी होते. म्हणून लेट्यूस, टोमॅटो, काकडी, स्ट्रॉबेरी यांसारख्या पिकांसाठी ८०० ते १२०० पीपीएमची पातळी ठेवतात. त्याच्यावर फायदा फारसा वाढत नाही, खर्च मात्र वाढतो.

मका, ऊस, ज्वारी या पिकांनी पानातच कार्बन साठवून रुबिस्कोपर्यंत पोचवण्याची वेगळी सोय केलेली आहे. त्यांना जादा वायूचा उपयोग अगदी थोडा.

उजेड कमी असेल तरीही वायू सोडणं व्यर्थ. जोरदार दिवे, पुरेसं खत आणि योग्य तापमान आधी जमलं पाहिजे. साध्या ट्यूबलाइटखालच्या रोपांना सिलिंडर लावण्यात काही अर्थ नाही.

वायू कुठून आणायचा?

खोलीची पातळी ४०० वरून १२०० पीपीएमवर न्यायला फक्त ४१ ग्रॅम वायू लागतो. गंमत म्हणजे एक माणूस तासाभरात श्वासावाटे साधारण तेवढाच वायू सोडतो. आत काम करणाऱ्याच्या उच्छ्वासानेच मीटरचा आकडा चढतो आणि सिलिंडर कमी वापरला जातो.

साखर आणि यीस्टच्या बाटल्यांचे व्हिडिओ बरेच फिरतात. रसायनशास्त्र बरोबर आहे. एक किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे अर्धा किलो वायू मिळतो. पण बारा तास दिवे चालणाऱ्या या खोलीला रोज साडेतीनशे ग्रॅमहून जास्त साखर लागेल, आणि बाटली रात्री बंद करता येत नाही. गॅस जाळण्याचा मार्ग मोठ्या हरितगृहांत चालतो. बंद खोलीत त्यातून उष्णता आणि ओल वाढते, ज्वलन अर्धवट झालं तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

म्हणून छोट्या बंद खोलीसाठी सिलिंडर, रेग्युलेटर आणि विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह हीच व्यवस्था नियंत्रणात राहते. सेन्सर पिकाच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगतात. पातळी १००० च्या खाली गेली की व्हॉल्व्ह उघडतो, १२०० ला बंद होतो. दिवे मालवले की व्हॉल्व्हही बंदच राहिला पाहिजे, कारण अंधारात रोपं वायू घेत नाहीत, उलट सोडतात.

गणित कुठे चुकतं?

अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या बायोस्फिअर २ या काचेच्या बंद वास्तूत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली. आतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि शेवटी तो बाहेरून द्यावा लागला. मातीतले जिवाणू ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते. तो वायू मात्र हवेत हिशेबाएवढा सापडेना, कारण वास्तूचं काँक्रीट तो शोषून घेत होतं. नव्या सिमेंटच्या किंवा चुन्याच्या भिंती हेच करतात. त्यामुळे पीक लावण्याआधी रिकाम्या खोलीत वायू सोडून आकडा किती वेगाने घसरतो ते बघितलेलं बरं. फटींतली गळतीही तेव्हाच कळते.

पीक कोणतं, यावरही सगळं ठरतं. खोलीत केशर घेताना फुलं कंदात साठलेल्या अन्नावर येतात. त्या टप्प्यावर वायू सोडून उपयोग नाही. अळिंबीचा नियम तर उलटा. तिथे वायू वाढला की धिंगरीचे देठ लांबतात, छत्र्या लहान राहतात, म्हणून ताजी हवा आत घ्यावी लागते.

धोका किती मोठा आहे?

व्हॉल्व्ह अडकला आणि खोलीत ठेवलेला १० किलोचा सिलिंडर रात्रीतून रिकामा झाला, तर बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड १८ टक्क्यांच्या आसपास जातो. पीपीएममध्ये १ लाख ८० हजार. अमेरिकी नियमांत आठ तासांच्या कामासाठी कमाल मर्यादा ५००० आहे आणि ४० हजारांची पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. सकाळी दार उघडून आत गेलेल्या माणसाची शुद्ध मिनिटभरात हरपू शकते. रोपं मात्र तेव्हा टवटवीतच दिसतील, त्यांच्याकडे बघून काही कळणार नाही.

वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो. विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून बघण्याची जुनी रीत इथे पुरेशी नाही. ४ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन अजून २० टक्के असतो, त्यामुळे दिवा जळत राहतो.

सिलिंडर म्हणून खोलीबाहेर, मोकळ्या हवेत, सावलीत आणि भिंतीला साखळीने बांधून ठेवायचा. ३१ अंशांच्या वर आतला वायू द्रवरूपात राहू शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो; महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हा आकडा सकाळीच ओलांडला जातो. पिकाच्या सेन्सरशिवाय माणसांसाठी दुसरा, स्वतंत्र अलार्म लागतो आणि त्याचा आकडा दाराबाहेर दिसला पाहिजे. सोबत बाहेरूनच चालू करता येणारा एक्झॉस्ट पंखा. आत कुणी कोसळलेलं दिसलं, तर आधी पंखा चालू करायचा, सिलिंडर बंद करायचा, मदत बोलवायची. अशा दुर्घटनांत दुसरा जीव बहुतेकदा वाचवायला धावलेल्याचा जातो.