तिळातला मोगरा

आमच्या अम्माच्या कपाटात एक चपटी बाटली असायची. ईदच्या आदल्या रात्री ती बाहेर निघे. तळहातावर चार थेंब घेऊन अम्मा आपाच्या केसांना लावी आणि उरलेला हात माझ्या खरखरीत कोपरांवरून, गुडघ्यांवरून फिरवी. ती त्याला 'फुलेल' म्हणायची. शेजारच्या काकू नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलांच्या अंगाला जे चोळत, त्याला त्या 'वासाचं तेल' म्हणत. दोन्ही बाटल्या एकाच अत्तरवाल्याकडून येत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मध्यंतरी दुकानातून चमेलीच्या तेलाची एक बाटली आणली. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव होतं लाइट लिक्विड पॅराफिन. म्हणजे खनिज तेल, जमिनीखालच्या कच्च्या तेलातून निघालेलं. पुढे रंग आणि सुगंध. तीळ नाही आणि चमेलीही नाही. मग अम्माच्या बाटलीत काय होतं, ते शोधायला लागलो. मी काही इतिहासकार नव्हे. बी.ए.ला इतिहास विषय होता, एवढंच भांडवल.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'तेल' आला 'तैल'वरून आणि 'तैल' आला 'तिल'वरून. तिळाचं ते तैल. पुढे खोबऱ्याचं, करडईचं, एरंडाचं, एवढंच काय, दिव्यात जळणारं रॉकेलसुद्धा याच नावाखाली आलं. हडप्पाच्या उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत, म्हणजे ही ओळख चार हजार वर्षांहून जुनी. आणि फूल अधिक तेल, ते फुलेल.

माझी समजूत अशी, की तेलात फुलं बुडवून ठेवली की फुलेल होत असेल. तसं नाही. वास तेलाला लावायचा नसतो, बियांना लावायचा असतो, आणि तोही त्या घाण्यात जाण्याआधी. १८३९ साली गाझीपूरच्या जॅक्सन नावाच्या इंग्रजाने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात याची पद्धत लिहून ठेवली आहे. गाझीपूर हे गुलाबांचं आणि अफूच्या कारखान्याचं गाव. तिथले कारागीर चार इंच जाडीचा फुलांचा थर पसरत, त्यावर दोन इंच ओलसर तीळ, त्यावर पुन्हा चार इंच फुलं. वरून पाणी शिंपडायचं, चादर घालायची आणि कडेने वजनं ठेवायची. बारा ते अठरा तासांनी कोमेजलेली फुलं काढून ताजी घालायची. वास दाट हवा असेल तर तिसऱ्यांदा. मग ते फुगलेले तीळ घाण्यात जात आणि तेल चामड्याच्या बुधल्यांत भरलं जाई. फुलं मुख्यतः चमेलीची आणि बेल्याची. बेला म्हणजे आपला मोगरा.

यामागचं कारण साधं आहे. मोगरा, चमेली ही फुलं खुडल्यावरही कित्येक तास वास सोडत राहतात. भट्टीवर चढवलं तर त्यांचा नाजूक वास बिघडतो. स्निग्ध पदार्थ मात्र तो थंडपणे, हळूहळू पिऊन घेतो. तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि या तेलाचा आणखी एक गुण असा, की ते लवकर खवट होत नाही. फ्रान्समधल्या ग्रास गावात हेच काम चरबीच्या थरावर फुलं पसरून करत. आपल्याकडे ते काम तिळाने केलं.

हे सगळं उत्तरेकडून आलं असेल, असंही मला वाटे. तेही चूक. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या स्नानाचा भाग आहे, आणि स्नानाच्या तेलासाठी केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी तीळ सुवासिक करून मग ते यंत्रात घालायला सांगितलं आहे. यंत्र म्हणजे घाणाच. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी सुगंधांवर 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचं एक फारसी पुस्तकच लिहिलं गेलं. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलनेही कातडीला आणि केसांना लावायच्या फुलांच्या तेलांची नोंद केली आहे.

मला सर्वांत आनंद झाला तो 'गंधवाद' भेटला तेव्हा. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी सुगंधावरच्या या जुन्या संस्कृत ग्रंथाची हस्तलिखित पोथी १९४५च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणली. त्या पोथीत मराठी टीका आहे! गोड्यांच्या मते काळ १३५० ते १५५०च्या दरम्यानचा. टीकाकाराचं नाव माहीत नाही. कुणीतरी, कुठेतरी, वासाची विद्या मराठीतून समजावून सांगत बसला होता. १९८९ साली ती पोथी बडोद्याहून छापली गेली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण तिला जागा देत नाही, हे मला खटकतं.

आणि ज्यांनी घाणे फिरवले, त्यांचं काय? तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे तेली समाजातले. कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी, तेल गाळत. शनिवारी त्यांचा सब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'.

मग बिघडलं कुठे? अमेरिकेत चेसब्रो यांनी १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, आणि खनिज तेलाचा गाळ माणसाच्या कातडीवर आला. त्याला स्वतःचा वास नाही, ते खवट होत नाही, स्वस्त पडतं. चमेलीसारखा वास देणारं बेंझिल ॲसिटेट कारखान्यात तयार होऊ लागलं. पॅराफिन विष आहे असं मी म्हणत नाही. नकली वासाबद्दलही फार तक्रार करता येत नाही, कारण सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त मंजिष्ठा, दालचिनी, कोष्ठ वगैरेंची पूड तेलात घालून, ते उन्हात तापवून, चाफ्याशिवाय चाफ्याचा वास आणायची कृती दिलीच आहे. पण त्याच्या भांड्यात तेल तरी तेल होतं.

१९३७ साली गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 'अरोमाथेरपी' हा शब्द पुस्तकाच्या नावात घातला. माझी भाची त्याचा वर्ग करते. तिच्याकडून कळलं, की बियांच्या तेलाला तिथे 'कॅरिअर ऑइल' म्हणतात. म्हणजे अर्क हा प्रवासी आणि तीळ हा हमाल. फुलेलात हा भेद नव्हता.

शेवटी उन्हाळ्यात मी पावशेर तीळ आणले. पहिल्यांदा जॅक्सनचं ऐकून पाणी शिंपडलं आणि तसेच ठेवून दिले, तर तिसऱ्या दिवशी बुरशी! दुसऱ्यांदा तीळ कोरडेच ठेवले. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या, मध्ये मलमल, सकाळी फुलं काळी पडायच्या आत बाहेर. असं पाच रात्री. मग लाकडी घाण्यावर गेलो. मालक हसला. म्हणाला, "चाचा, पावशेरानं माझी लाट ओलीसुद्धा व्हायची नाही. आणि मागून येणाऱ्याच्या शेंगदाणा तेलाला मोगऱ्याचा वास लागला, तर तो पोहे काय देवाला वाहणार?"

मग पत्नीने तीळ मिक्सरवर वाटले. गरम पाण्याचा हबका मारून मळले, तर कडेने तेल सुटलं. जेमतेम अर्धी वाटी निघालं. उरलेल्या चोथ्याचं उटणं झालं. (कुणी करून पाहणार असाल तर आधी मनगटाला लावून एक दिवस थांबा. काहींना तिळाचं वावडं असतं.)

त्यातली एक छोटी बाटली आपाकडे पाठवली. ती आता सत्तरीला आली आहे. दोन दिवसांनी फोन आला.

"छान आहे रे. पण हा मोगरा आहे. अम्माचं चमेलीचं होतं. पावसाळ्यात चमेली येईल, तेव्हा परत कर."