किल्ली कोणाच्या हाती?

दिवाळी जवळ आली की मला अजून ताज्या पेंढ्याचा वास येतो. वास्तविक आमच्या माजिवड्यात आता भाताचे शेत औषधालाही उरलेले नाही. मुंबईहून नाशिककडे जाणारा आग्रा रोड आणि घोडबंदरचा रस्ता जेथे एकमेकांना भेटतात तेथे आज उड्डाणपुलांचे वेटोळे आहे, आणि ज्या बांधावर बसून आम्ही भाकरी खाल्ली त्याच्यावर उंचच उंच इमारती उभ्या आहेत. पण मी सांगणार आहे ती हकीकत माजिवडे हे गाव होते त्या काळची आहे. शेतावरचे वाहन पोरसवदा मुलाच्या हाती द्यावे काय, आणि दिलेच तर त्याच्या चुकीची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न आमच्या घरात एकदा फार कडू रीतीने उभा राहिला. त्या प्रश्नाचाच थोडासा इतिहास आज वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न कोणाला पडतच नसे. दहा-बारा वर्षांचे पोर कासरा धरून गाडीच्या पुढे बसलेले असे आणि गाडी आपली चालत राही. गाडीवान म्हणून मिरवायचे ते त्या पोराने. पण खड्डा पाहून पाय आखडता घेणे, समोरून माणूस आले की थबकणे, अंधार पडल्यावर घरची वाट धरणे ही सारी अक्कल बैलांची. पोराला झोप लागली तरी गाडी अंगणात येऊन उभी राही. कधी कोणाचा बांध फुटला, कोणाच्या उभ्या भातात बैल शिरले, तर चार जाणती माणसे बसत आणि चार पायल्या भातावर तंटा मिटे. विमा हा शब्द गावाला ठाऊक नव्हता. त्याचे काम भाऊकी करी. तिचा हप्ता पैशांत नसे, पण तो जन्मभर फेडावा लागे, हेही खरे.

त्या काळाचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी तरुण वारली मुलगा बायकोसह सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हा कोठे शहराला ही गोष्ट कळली. वेठबिगारीविरुद्ध देशव्यापी कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. पोराच्या अंगमेहनतीचा हिशेब कोणी कागदावर मांडावा, ही चालच शेतीत नव्हती.

मग यंत्र आले. बैल थकला तर बसतो आणि भ्याला तर थांबतो; यंत्र यांतले काहीच करीत नाही. म्हणून यंत्राच्या पाठोपाठ सरकारला प्रथम हाच प्रश्न विचारावा लागला की, चालवणाऱ्याचे वय काय? १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक जागी गाडी हाकण्यास अठरा वर्षे आणि माल वा उतारू वाहणारी गाडी हाकण्यास वीस वर्षे अशी मर्यादा घातली. रस्त्यावरील तिऱ्हाईत माणसाला इजा झाल्यास त्याची भरपाई व्हावी म्हणून विमा सक्तीचा करणारे प्रकरण याच कायद्यात होते. ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. वाचकांनी ‘सार्वजनिक जागी’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. स्वतःच्या शेताच्या बांधाआड कोण काय चालवतो याकडे तो कायदा पाहत नव्हता. त्याची दृष्टी रस्त्यापासून सुरू होई. आणि ट्रॅक्टर तर रोज बांध ओलांडून रस्त्यावर येणारा प्राणी!

१ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कुळकायद्याने कित्येक कुळे जमिनीची मालक झाली. आमचे वडील त्यांतलेच एक. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट वाढली, कोलशेत आणि पोखरणच्या बाजूला मोठमोठे कारखाने उभे राहिले. गावातला धडधाकट तरुण सकाळी डबा घेऊन भोंग्याच्या दिशेने चालू लागला. महिन्याचा बांधलेला पगार सोडून चिखलात उतरणार कोण? शेतावर राहिली ती म्हातारी माणसे आणि मिसरूड न फुटलेली पोरे. याच सुमारास, १९६३ साली, कांदिवलीच्या कारखान्यासाठी महिंद्रांची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि दोन वर्षांत तेथून देशी ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. माणसे गेली आणि यंत्रे आली. यंत्रावर बसायला उरली ती पोरेच.

१९६८ साली आमच्या घरी जुना ट्रॅक्टर आला. वडिलांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि हाकण्यासाठी परवाना असलेला एक वयस्क ड्रायव्हर पगारावर ठेवला. दुसरा परवाना माझा. मी तेव्हा विशीत होतो आणि कॉलेजात जात होतो. पण ट्रॅक्टरवर खरा जीव जडला तो आमच्या गड्याच्या मुलाचा. सतरावे वर्ष लागलेला तो मुलगा ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डवर बसून सारे पाहत असे. दोन पावसाळ्यांत तो चिखलणी अशी करू लागला की ड्रायव्हरने बांधावर बसून विडी ओढावी.

येथे ट्रॅक्टरची एक अडचण सांगितली पाहिजे. मोटारीत शिकाऊ माणसाच्या शेजारी शिकवणारा बसू शकतो. कायद्याची अपेक्षाही तीच. विराटाचा पोर उत्तर युद्धाच्या गप्पा मारीत निघाला आणि कौरवांची सेना पाहून रथातून उडी टाकून पळाला. पुढे त्याच्याच हाती घोड्यांचे लगाम राहिले, पण पाठीशी अर्जुन उभा होता म्हणून रथ परत आला. ट्रॅक्टरवर अर्जुनाला जागाच नाही. आसन एकच. मडगार्डवर बसणारा स्वतःच पडायचा. शिवाय ट्रॅक्टरवर प्रवासी धरलेला नसल्यामुळे विमाही त्याला ओळखत नाही.

१९६९ च्या दिवाळीच्या आदल्या दिवशी कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर आणायचे होते. ड्रायव्हर तापाने पडलेला. वडिलांनी काम मला सांगितले होते. मला ठाण्याला जाऊन मित्रांबरोबर कंदिलाचे सामान आणायचे होते. मुलगा म्हणाला, “दादा, मी नेतो की. दोनच खेपा आहेत.” मी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. एवढेच.

ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन निराळे ब्रेक असतात. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून एकाच बाजूचा ब्रेक दाबायचा. रस्त्यावर चढण्यापूर्वी मात्र दोन्ही पावट्या कडीने जोडून घ्यायच्या. शेतातच शिकलेल्या पोराला ही कडी कशासाठी असते ते कोणी सांगितले नव्हते. तिन्हीसांजेला तो आग्रा रोडवर चढला, समोरून पाळी संपवून येणारा एक सायकलस्वार पाहून त्याने ब्रेक दाबला, आणि एकच चाक धरले गेले. ट्रॅक्टर गर्रकन फिरला, भरलेली ट्रॉली आडवी आली. सायकलस्वाराचा पाय मोडला. मुलाचा उजवा हात मडगार्ड आणि ट्रॉलीची फळी यांच्यामध्ये सापडून दोन बोटे गेली.

विमा होता. हप्ताही वेळेवर भरला होता. पण चालवणाऱ्यापाशी परवाना नव्हता, आणि अशा वेळी जबाबदारी नाकारण्याची मुभा तेव्हाच्या कायद्याने विमा कंपनीला दिली होती. कंपनीने ती घेतली. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. वडिलांनी रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा विकला आणि जखमी माणसाचे घर दोन वर्षे चालवले.

मुलाचे काय? वकिलांनी समजावून सांगितले, ते मी विसरलो नाही. पगारी चालकाला इजा झाली तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली मालकावर येणारी जबाबदारी वाहनाच्या विम्यात धरलेली असते. पण त्यासाठी तो चालक म्हणून नेमलेला असावा, त्याला वेतन मिळत असावे, परवाना असावा. आमचा मुलगा कोणत्याच कागदावर नव्हता. तो घरचाच होता ना! ‘घरचाच’ या गोड शब्दाची किंमत त्याने दोन बोटे देऊन मोजली. वय पूर्ण होताच कारखान्यात लागायचे त्याच्या मनात होते; तो हात पाहून त्याला कोणी घेतले नाही.

पुढे कायदा पुष्कळ बदलला. १९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला, तरी अठरा आणि वीस या मर्यादा राहिल्याच. गुजरातेतील एका खटल्यात चालक ट्रक सुरू ठेवून उतरला आणि क्लीनरने तो हाकला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकाने स्वतः अट मोडली नसेल तर विमा कंपनीला अंग काढून घेता येणार नाही. २००४ साली त्याच न्यायालयाने मार्ग आणखी रुंद केला. मालकाची कसूर असली तरी योग्य प्रकरणी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. आमच्या सायकलस्वाराला हा न्याय पस्तीस वर्षे उशिरा मिळाला असे म्हणावे लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने तर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. म्हणजे कायद्याने अखेर बोट ठेवले ते किल्ली देणाऱ्यावर. ते योग्यच झाले असे, त्या गुन्ह्याचा एक जुना गुन्हेगार म्हणून, मी म्हणतो.

पण या साऱ्यात संरक्षण मिळाले ते मुख्यतः रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला. बांधाआड यंत्रावर बसलेले पोर अजून बरेचसे उघडेच आहे. इतर देशांनी याचा विचार निराळ्या बाजूने केला. इंग्लंडने १९५८ साली तेरा वर्षांखालील मुलांना शेतातही ट्रॅक्टर हाकण्यास मनाई केली. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर लोखंडी संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. विमा अपघातानंतर येतो. हे उपाय अपघाताच्या आधी येतात.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली आणि आमचे गाव शहरात गेले. ट्रॅक्टर त्याच्या आधीच विकला होता. तो मुलगा आता सत्तरी ओलांडून गेला आहे. दर पाडव्याला तो घरी येतो, तीन बोटांच्या हाताने फराळाची बशी धरतो, नातवंडांची चौकशी करतो. त्या संध्याकाळचा विषय त्याने आजवर एकदाही काढलेला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता.

गेल्या पाडव्याला माझ्या सोळा वर्षांच्या नातवाने त्याच्यासमोरच माझ्याकडे स्कूटरची किल्ली मागितली. “आजोबा, कोपऱ्यापर्यंतच जातो.” मी काही बोलण्याआधी तो म्हातारा हसून म्हणाला, “दादा, आधी त्याला ब्रेक समजावा.” मी किल्ली खिशात ठेवली, आणि नातवाला जवळ बसवून ही सारी हकीकत प्रथमच, त्याच्या देखत, सांगितली.