पदवी आणि पदविका

नाटकाची नाटिका होते, पुस्तकाची पुस्तिका होते, तशी पदवीची पदविका झाली. शेवटी 'इका' आलं की वस्तू लहान होते, हे मी नोकरीची सगळी वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. पण मूळच्या डिप्लोमा या शब्दात लहानपणाचा काहीच संबंध नाही. तो ग्रीक शब्द, अर्थ दुमडलेला कागद. राजाची सनद दुमडून हातात द्यायची, तो डिप्लोमा. (डिप्लोमॅटही तिथूनच आला.) तिकडे तो कागदच राहिला, आपण मात्र मराठीत त्याला पदवीची धाकटी बहीण करून टाकलं. प्रतिशब्द सोयीचा आहे, पण त्याबरोबर एक नाक मुरडणंही आपोआप आलं.

माझ्या भाचीची मुलगी यंदा कॉलेजात बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा करते आहे. मागच्या महिन्यात घरातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीतच तिला कुणीतरी विचारलं, "म्हणजे नुसता डिप्लोमाच?" विचारणारे आपलेच आहेत आणि हे वाचतीलही, म्हणून नाव घेत नाही. पोरगी हसली आणि जिलबी वाढायला निघून गेली. मला मात्र तो 'नुसता' टोचत राहिला. मंडळी, या 'नुसत्या'चा इतिहास जरा बघू या.

आपल्याकडे धंद्याचं शिक्षण पेढीवर व्हायचं. मुनिमाच्या शेजारी बसून रोजकीर्द लिहायची, खतावणी करायची, चुकलं की बोलणी खायची. त्यासाठी कॉलेज काढायचं ही कल्पनाच विसाव्या शतकातली. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून त्याचं नाव घेतात. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्यावरून ते नाव पडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात इथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्या पगारातून पैसे साठवून ते अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईतच सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढलं.

त्याच १९१३ सालच्या कंपनी कायद्याने हिशेब तपासनीस कोण होऊ शकतो यावर बंधन आणलं. मग अशी माणसं तयार कोण करणार? १९१८ साली मुंबईत 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी' सुरू झाला. तो पास व्हायचा, मान्यताप्राप्त अकौंटंटच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, की सबंध हिंदुस्थानात कुठेही ऑडिट करायला माणूस मोकळा. १९४३ मध्ये हा डिप्लोमा बंद झाला आणि १९४९ साली चार्टर्ड अकौंटंटचा कायदा आला. म्हणजे आज लग्नाच्या बाजारात ज्या 'सी.ए.'चा एवढा भाव आहे, त्याच्या पूर्वजांमध्ये एक 'नुसता डिप्लोमा'च आहे!

खरी गंमत पुढे आहे. १९६१ साली कलकत्त्याला आणि अहमदाबादला आय.आय.एम. निघाल्या. कलकत्त्याला एम.आय.टी.ची मदत होती, अहमदाबादला हार्वर्डची, आणि अहमदाबादच्या मागे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई उभे होते. त्याच १९६१ साली संसदेने आय.आय.टी.चा कायदा केला आणि त्यांना पदवी देण्याचा अधिकार दिला. आय.आय.एम. मात्र सोसायटी म्हणून नोंदवलेल्या संस्था. १९५६ च्या यू.जी.सी. कायद्याप्रमाणे पदवी देणार विद्यापीठ, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. तेव्हा आय.आय.एम.ने काय द्यायचं? डिप्लोमा! १९६४ साली दोन्हीकडे पहिली तुकडी बसली आणि तेव्हापासून पन्नासहून अधिक वर्षं या देशातल्या सगळ्यात अवघड प्रवेशपरीक्षांपैकी एक पास होऊन मुलं बाहेर पडायची ती डिप्लोमा घेऊनच. डॉक्टरेट केली तरी पीएच.डी. म्हणता येत नसे, 'फेलो' म्हणायचं. २०१७ चा कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, तेव्हा कुठे एम.बी.ए. ही अक्षरं त्यांना मिळाली. त्याआधीच्या एकाही विद्यार्थ्याला पंगतीत कुणी 'नुसता' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता कुणी म्हणेल, मावशी, अहमदाबादचा डिप्लोमा वेगळा आणि गल्लीतल्या कॉलेजचा वेगळा. कबूल. गल्लोगल्ली इमारती उभ्या राहिल्या, चकचकीत माहितीपत्रकं निघाली आणि शिकवणारे मात्र वर्षावर्षाला बदलले, हेही मी पाहिलं आहे. पण मग प्रश्न शिकवतं कोण आणि काय, हा झाला. तो पदवीलाही विचारावा.

दुसरा एक डिप्लोमा आहे, तो वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत कधी येत नाही. सहकार खात्याचा जी.डी.सी. अँड ए. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, सत्तरच्या दशकात एका सहकारी बँकेत कारकून होते. बी.ए. माझ्यासारखंच मराठी माध्यमातून. इंग्रजीची भीती नव्हती, पण त्या भाषेत विचार करायची सवयही नव्हती. या परीक्षेत उत्तरं मराठीतून लिहिता येतात, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी फॉर्म भरला. सहा पेपर. हिशेब, ऑडिट, सहकाराची तत्त्वं, कायदा, बँकिंग, गृहनिर्माण संस्था. दिवसभर काउंटरवर बसायचं आणि रात्री कंदिलाजवळ (वीज होती, पण असून नसल्यासारखी) १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम पाठ करायचा. मी समोर पुस्तक धरून विचारायची. कलम ८१? लेखापरीक्षण. ८३? चौकशी. ८८? नुकसानीची जबाबदारी. १०१? थकबाकीची वसुली. मला आजही ही कलमं येतात, तर त्यांना कशी विसरतील! पुढे ते गावोगावच्या विकास सोसायट्यांची दप्तरं तपासत हिंडले. त्यांच्या सहीशिवाय तिथले ताळेबंद पुरे होत नसत.

महाराष्ट्राच्या सहकाराची थोरवी सांगताना आपण प्रवरानगरचं नाव घेतो, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं नाव घेतो, ते रास्तच आहे. पण कारखाना काय किंवा सोसायटी काय, चालते ती रोजचा हिशेब जुळवणाऱ्या माणसांवर. अशी शेकडो माणसं या पदविकेने घडवली.

भाचीच्या मुलीचा अभ्यास सगळा इंग्रजीतून. ती हुशार आहे, पण वर्गात उठून बोलायची वेळ आली की शब्द अडतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलांचं हे दुखणं मी चांगलं ओळखून आहे. आकडेमोडीत ही मुलं कुणाला हार जात नाहीत, चर्चेत मात्र गप्प. तिला मी एक वही करायला लावली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे पेठेतला मराठी. वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळतं भांडवल. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. बॅड डेट म्हणजे बुडीत कर्ज. गुडविल म्हणजे नावलौकिक. 'खेळतं भांडवल' ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला. पैसा खेळता नसेल तर दुकान बसतं, हे तिने घरी वडिलांच्या दुकानात लहानपणापासून पाहिलंय, फक्त त्याला पुस्तकात नाव आहे हे माहीत नव्हतं. आता शंभराच्या वर शब्द झालेत. अडले की अण्णांना फोन जातो. ऐंशी ओलांडली तरी ते खडखडीत आहेत आणि घसाऱ्याच्या दोन पद्धतींतला फरक फोनवर पाऊण तास समजावून सांगतात. बिल तिच्या बापाचं!

अण्णांकडे त्या सोसायट्यांच्या दप्तरांचे पुष्कळ किस्से आहेत. ते पुन्हा कधीतरी, त्यांची परवानगी घेऊन.