दोन मापांची गोष्ट

रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो. ब्रेसियरचा इतिहास मात्र संकोचापोटी सहसा कुणी सांगत नाही. खरं तर तो मापनाचा इतिहास आहे, आणि म्हणून शिक्षकांच्या कामाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या स्त्रिया कॉर्सेट घालत. कंबर आवळणारा हा साचा छातीला खालून उचलून धरी. १८८९ मध्ये पॅरिसच्या हर्मिनी कादोल यांनी त्याचे दोन भाग केले आणि वरच्या भागाला खांद्यांवरून बंद दिले. १९१४ मध्ये अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांनी आपल्या ब्रेसियरचं पेटंट घेतलं. त्यांचा पहिला नमुना दोन हातरुमाल आणि रिबिनी जोडून झाला होता. बंद बांधायचे असल्याने तो अनेकींना होई, पण छाती सपाट करण्यापलीकडे आधार फारसा देत नसे. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एनिड बिसेट, आयडा रोझेन्थल आणि त्यांचे पती विल्यम यांनी दोन स्वतंत्र कटोऱ्यांची ब्रेसियर बनवली.

आता प्रश्न आला : कटोरी केवढी हवी? १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅम्प आणि वॉर्नर या कंपन्यांनी त्यासाठी ए, बी, सी, डी ही अक्षरं रूढ केली. पुढे रीत ठरली ती अशी : स्तनांखाली बरगड्यांभोवतीचा घेर एक माप, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचा घेर दुसरं. अक्षर ठरतं ते या दोहोंतल्या फरकावरून. म्हणून नुसतं ‘सी’ म्हणण्याला अर्थ नाही. ३२ सी आणि ३४ बी यांच्या कटोऱ्या जवळपास सारख्याच आकारमानाच्या असतात. फरक पट्ट्यात असतो.

पट्टा इतका महत्त्वाचा का? स्तनांत त्यांना तोलून धरणारा स्नायू नसतो. आधार त्वचेचा आणि आतल्या तंतूंचा. या तंतूंना अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाचं नाव आहे. बाहेरून आधार द्यायचा तर मुख्य भार बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने पेलायला हवा. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर सरकतो, भार बंदांवर येतो आणि खांद्यांना वळ पडतात.

धावताना ही उणीव अधिकच जाणवते. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, हिंडा मिलर आणि पॉली स्मिथ यांनी पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर एकत्र शिवून खेळासाठीची पहिली ब्रा तयार केली.

तरी प्रश्न संपलेला नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वर्षांच्या २,०८९ शाळकरी मुलींची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो, असं त्यांतल्या ४६ टक्के मुलींनी सांगितलं. बहुतेकींना या विषयाची अधिक माहिती हवी होती.

आपल्या वर्गातली एखादी मुलगी सातवी-आठवीत अचानक मैदानाकडे पाठ फिरवते, तेव्हा आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो. कारण कदाचित न बसणाऱ्या कपड्याचं असेल. माप घरीच, आईच्या किंवा ताईच्या मदतीने, साध्या टेपने घेता येतं. पट्टा पाठीवर आडवा सरळ राहावा, त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, कटोरीला सुरकुत्या नसाव्यात आणि तिच्या काठावरून काही बाहेर येऊ नये. वाढत्या वयात काही महिन्यांनी पुन्हा मोजावं. एवढं एखाद्या बाईंनी मुलींना मोकळेपणाने सांगितलं, तरी काहीजणी मैदानावर परततील असं आम्हाला वाटतं.