मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर किती आणि वेळ किती लागतो?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाने जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात, तर परतीचा प्रवास १४ ते १५ तासांत होतो. दुबई, दोहा किंवा युरोपात विमान बदलल्यास एकूण वेळ २० तासांच्या पुढे जातो.

सर्वात जवळचा मार्ग कोणता?

सपाट नकाशावर न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला वाटते. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वात कमी अंतराची रेषा उत्तरेकडे वळते आणि थेट आइसलँडजवळून जाते. प्रत्यक्षात विमाने ही रेषा तंतोतंत पाळत नाहीत. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी विमान कंपन्यांसाठी, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली. असा वळसा पडला की वेळ आणि इंधन दोन्ही वाढते.

येताना वेळ कमी का लागतो?

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना तो विमानाला मागून ढकलतो. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरदार असतात.

तारखेचा घोळ कसा टाळायचा?

न्यूयॉर्क भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या काळात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात.

समजा, जुलैमध्ये विमान मंगळवारी पहाटे २ वाजता मुंबईहून निघाले आणि साडेपंधरा तास उडाले, तर ते मंगळवारीच सकाळी ८ वाजता न्यूयॉर्कला उतरेल. मात्र पहाटे २ च्या विमानासाठी सोमवारी रात्रीच विमानतळावर पोहोचावे लागते. अनेकांची गफलत इथेच होते. उलट, न्यूयॉर्कहून मंगळवारी सकाळी ११ ला निघून साडेचौदा तास उडालेले विमान मुंबईत बुधवारी सकाळी ११ ला पोहोचते. तिकिटावरील वेळा नेहमी त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात.

आई-वडिलांना पाठवताना

अमेरिकेत पुढचे विमान पकडायचे असेल, तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि सामान घेऊन कस्टम्समधून जावे लागते. त्यामुळे मध्ये किमान तीन तास ठेवणे सोयीचे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत. घड्याळ साडेनऊ-दहा तासांनी मागे गेले तरी शरीराचे तास तेवढेच असतात. त्यामुळे डोस कधी घ्यायचा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्यावे.