हँडलपासून किल्लीपर्यंत

श्रोतेहो, समुद्रपूर तालुक्यात जामच्या चौकात घटकाभर उभे राहा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या गाड्यांना खंड म्हणून नाही. किल्ली फिरवली की गाडी सुरू, हे आपण धरूनच चालतो. पण एखादी गाडी लहरी निघते. सकाळी झटकन सुरू होते, दुपारी हिंगणघाटच्या बाजारात मुकाट बसते, आणि मिस्त्री आला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. रात्री-अपरात्री रोग्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे असले, तर असली गाडी दारात असून नसल्यासारखीच. हा लहरीपणा आला कोठून, हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ.

मोटारीच्या पहिल्या काळी सेल्फ नव्हता. पुढून लोखंडी हँडल घालायचे नि अंगचा जोर लावून इंजिन फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई. त्यात कित्येकांची मनगटे मोडली. १९०८ साली निघालेली फोर्डची मॉडेल टी गाडीसुद्धा कितीतरी वर्षे अशीच हँडलवर चाले.

या त्रासावर तोड काढली ती अमेरिकेत डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तेथे त्याच्या ध्यानात आले की, क्षणभरच काम करायचे असेल तर लहानशी मोटरही पुष्कळ जोर लावू शकते. १९११ साली त्याने हीच युक्ती मोटारीला लावली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत सेल्फ आला. त्याला लागणारी शिशाची बॅटरी मात्र फ्रान्समधल्या प्लांते यांनी १८५९ सालीच तयार केली होती.

आपल्याकडे १९५७ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसेडर निघाली, तेव्हा तिला सेल्फ होता आणि हँडलही. सेल्फ रुसला तर हँडल हाताशी असे. पुढे हँडल गेले. आता सेल्फ चालला नाही तर धक्का मारायचा, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला तोही चालत नाही. तेव्हा हँडलची जागा आता माहितीनेच भरून काढायला हवी.

सेल्फमध्ये घडते काय ते पाहा. किल्लीतून थोडी वीज सोलेनॉइड नावाच्या खटक्याला मिळते. तो खटका बॅटरीची जाड वायर सेल्फच्या मोटरला जोडतो, आणि शंभर-दोनशे अँपिअर वीज धावते. तुम्ही म्हणाल, “दिवे तर लख्ख लागतात, मग वायर खराब कशी?” बॅटरीच्या टोकावर क्षार साचून एक विसांश ओहम रोध वाढला, असे समजा. दिव्याच्या ५ अँपिअरला तेथे जेमतेम पाव व्होल्ट खर्च होतो. सेल्फला १०० अँपिअर ओढायचे झाले, तर १२ पैकी ५ व्होल्ट तेथेच जातात! गाळाने भरलेल्या पाटातून घागर भरते, पण वावर भिजत नाही, तसाच हा प्रकार.

शिवाय ढिला नट हादऱ्याने कधी टेकतो, कधी सुटतो. मिस्त्रीने वायर हलवली की गाडी चालते, पण दोष जागच्या जागीच राहतो. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्याची त्यात भर. तापमान १०० अंशांनी चढले की तांब्याचा रोध सुमारे ४० टक्के वाढतो. म्हणून नुकत्याच थांबवलेल्या गरम इंजिनाजवळचा झिजलेला सेल्फ दुपारी हटून बसतो नि सांजेला निवला की चालतो.

यावर उपाय हा की, दोष हजर असतानाच त्याला पकडावे. गिअर न्यूट्रलला, हातब्रेक ओढलेला. दिवे लावा आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी आणि जाड वायरींची टोके पाहा. विश्रांतीत भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवर ९.५ च्या खाली घसरण झाली, तर आधी बॅटरी तपासा. बॅटरी टिकली पण सेल्फपाशी व्होल्ट पोचले नाहीत, तर वाटेत कोठेतरी जोड खराब आहे. दिवे तसेच राहून आवाजही नाही, तर किल्लीचा स्विच, बारीक वायर किंवा सोलेनॉइड. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर पेट्रोल अथवा ठिणगी. नव्या गाड्यांत किल्लीतली चिप ओळखली न गेल्यानेही असे होते. टोके साफ करताना आधी ऋण वायर सोडावी, शेवटी तीच लावावी.

एवढे न पाहता अंदाजाने नवी बॅटरी घ्यायची, मग नवा सेल्फ, म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. पैसा जातो आणि गाडी पुन्हा रात्री अडतेच.

गुरुजींना एक विनंती. रोधाचा पाठ शिकवताना हेच उदाहरण मुलांसमोर ठेवा. आणि ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एक वही ठेवावी: गाडी अडली ती वेळ, इंजिन गरम की थंड, दिवे कसे होते, आवाज कसला आला. चार-पाच नोंदी झाल्या की ती वही मिस्त्रीला दाखवा. त्याचा निम्मा शोध तेथेच झालेला असेल.